भटनागर आणि विहिरीतला चिखल

माहुलकर

चेंबूरहून माहुलकडे जाणारी बस आर. सी. मार्गाने थोडी पुढे गेली, की तेलशुद्धीकरण कारखान्यांचे मनोरे आणि टाक्या दिसू लागतात. त्यांपैकी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षे काम केले. त्या कामाचा मोठा भाग श्यानता, म्हणजे द्रवाचा दाटपणा, मोजण्याचा होता : स्थिर तापमानाच्या टाकीत बुडवलेली काचेची यू आकाराची नळी, तिच्यातून वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत सावकाश उतरणारे तेल आणि हातात स्टॉपवॉच. त्यामुळे देशातल्या राष्ट्रीय प्रयोगशाळा उभ्या करणारे रसायनशास्त्रज्ञ डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांच्याविषयी वाचताना इतरांचे लक्ष त्यांच्या नावाच्या पुरस्काराकडे आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या उद्घाटनांकडे गेले, तरी माझे लक्ष एका चिखलावर खिळले, याचे कोणाला नवल वाटू नये.

हा चिखल रावळपिंडीच्या अ‍ॅटक ऑइल कंपनीच्या विहिरींतला. तेलाची विहीर खणताना पोकळ दांड्यांतून पातळ चिखल खाली सोडतात; तो खणणाऱ्या पात्याला थंड ठेवतो, फुटलेल्या दगडाचा चुरा वर घेऊन येतो आणि आपल्या वजनाने विहिरीच्या भिंती सावरून धरतो. अ‍ॅटकच्या विहिरींत मात्र खाली खारे पाणी लागले, की हा चिखल घट्ट होऊन बसे आणि खणणे थांबे. अभियंत्यांनी यंत्राकडे पाहिले असते, तर अधिक शक्तीचे पंप मागवले असते. लाहोरला पंजाब विद्यापीठात भौतिक रसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या भटनागरांना त्यात कलिलाचा, म्हणजे द्रवात तरंगत राहणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा, प्रश्न दिसला. त्यांनी चिखलात देशी डिंक मिसळायला सांगितले. डिंकामुळे चिखलाची श्यानता उतरली आणि क्षारांमुळे त्याच्या गुठळ्या होणेही थांबले.

कंपनीचे लंडनमधले कारभारी स्टील ब्रदर्स इतके खूश झाले, की त्यांनी भटनागरांना पेट्रोलियमच्या संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळचे दीड लाख! भटनागरांनी ते स्वतः न घेता विद्यापीठामार्फत घेतले, त्यातून पेट्रोलियम संशोधनाचा विभाग उभा केला आणि मेणाचा वास घालवणे, रॉकेलच्या ज्योतीची उंची वाढवणे, गंज रोखणे असले अगदी बाजारातले प्रश्न विद्यार्थ्यांच्या हाती दिले. पुढे कंपनीने रक्कमही वाढवली आणि मुदत पाचाची दहा वर्षे केली.

माझे म्हणणे एवढेच आहे, की पुढे त्यांनी देशभर ज्या प्रयोगशाळा उभ्या केल्या त्यांचा आराखडा दिल्लीच्या सचिवालयात तयार झाला नाही, तो या चिखलात तयार झाला. उद्योगाने प्रश्न आणायचा, पैसा माणसाच्या खिशात न जाता प्रयोगशाळेत जायचा, आणि प्रश्न कितीही चिखलातला असला तरी त्याचे उत्तर मूलभूत शास्त्रात शोधायचे. आपण त्यांना 'मोठे प्रशासक' म्हणून ओवाळून बाजूला ठेवतो आणि त्यांच्यातला रसायनशास्त्रज्ञ विसरतो, हे मला पटत नाही.

आयुष्याचा तपशील थोडक्यात सांगतो, कारण तो कुठेही मिळतो. २१ फेब्रुवारी १८९४ रोजी भेरा येथे जन्म. हे गाव आता पाकिस्तानात आहे. मूल आठ महिन्यांचे असतानाच वडील वारले, म्हणून बालपण आजोळी, बुलंदशहर जिल्ह्यातल्या सिकंदराबादेत गेले. आजोबा अभियंते होते आणि यंत्रांशी खेळण्याची सवय मुलाला तिथेच लागली. शिक्षण लाहोरला. दयालसिंग न्यासाची शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेला निघाले होते, परंतु पहिले महायुद्ध नुकतेच संपले असल्याने जहाजांवरच्या जागा घरी परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी भरल्या होत्या, म्हणून ते लंडनलाच थांबले आणि युनिव्हर्सिटी कॉलेजात कलिलांचे अभ्यासक फ्रेडरिक डॉनन यांच्या हाताखाली १९२१ साली डी.एस्सी. झाले. जहाजात जागा मिळाली असती तर हा माणूस कदाचित कलिलांकडे वळलाच नसता. त्यांचा प्रबंध तेलांच्या पृष्ठताणावर, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग ताणून धरणाऱ्या बळावर, होता : वरच्या मेदाम्लांचे द्विसंयुजी आणि त्रिसंयुजी क्षार तेलात विरघळल्यावर त्या पृष्ठताणाचे काय होते, हा त्याचा विषय. पुढे तीन वर्षे बनारस हिंदू विद्यापीठ आणि १९२४ पासून सोळा वर्षे लाहोर. बाकीचे जाणकारांनी भरावे.

कलिलप्रेमी

धागा आवडला. मी इथल्या एका महाविद्यालयात भौतिक रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून डिंकाने नेमके काय केले ते थोडे उलगडून सांगतो, कारण सारी गंमत तिथे आहे.

चिखलातल्या मातीचे कण फार बारीक, पत्र्यासारखे चपटे असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. दोन कण जवळ आले, की एकमेकांना दूर सारतात. म्हणून गोड्या पाण्यात ते तरंगत राहतात आणि चिखल वाहता राहतो. खारे पाणी मिसळले, की पाण्यातले धन आयन, म्हणजे धन विद्युतभाराचे कण, त्या भाराभोवती गोळा होऊन त्याला झाकून टाकतात. दूर सारणारे बळ उरले नाही, की कण एकमेकांना चिकटतात आणि पत्त्यांच्या घरासारखी जाळी तयार होते. त्या जाळीत पाणीही अडकते, म्हणून चिखल थिजल्यासारखा होतो. कॅल्शियमसारखा दुहेरी भाराचा आयन हे काम सोडियमपेक्षा कितीतरी थोड्या प्रमाणात करतो.

डिंकाचे रेणू लांबच लांब आणि पाण्याला धरून राहणारे असतात. ते मातीच्या कणांवर बसून त्यांच्याभोवती ओलसर अस्तर तयार करतात. मग विद्युतभार झाकला गेला तरी कण एकमेकांना भिडू शकत नाहीत. याला आम्ही रक्षक कलिल म्हणतो. आपल्या पोथ्या लिहिणाऱ्यांना हे शेकडो वर्षे हाताने माहीत होते : दिव्यावर धरलेले काजळ नुसते पाण्यात कालवले तर तळाशी बसते, बाभळीचा डिंक घालून खलले तर त्याची शाई होते. भटनागरांचे मोठेपण हे, की शाईच्या दौतीतला नियम त्यांना तेलाच्या विहिरीत ओळखू आला.

एक सावधगिरीची सूचना करतो. डिंक फार थोडा पडला तर परिणाम उलटा होऊ शकतो, कारण तेव्हा एकच लांब रेणू दोन-तीन कणांना पकडून त्यांचा पूल बांधतो आणि गुठळ्या अधिकच लवकर होतात. म्हणजे 'डिंक घाला' एवढे सांगून भागत नाही. किती घाला, हे प्रयोगशाळेतच ठरवावे लागते.

पायलिंगवाला

मी रसायनशास्त्राचा माणूस नाही, इमारतींचे पाये घालतो. परंतु हा प्रश्न अगदी आमच्या अंगणातला आहे. मुंबईत खोल पायासाठी भोक पाडले, की माती ढासळू नये म्हणून त्यात बेंटोनाइट या चिकणमातीचा पातळ चिखल भरून ठेवतो. तो बरोबर आहे की नाही हे पाहायला साइटवर मार्श कोन असतो, म्हणजे नाळक्याचे एक मोठे नरसाळे. नाळक्यावर बोट ठेवून ते भरायचे, बोट काढायचे आणि ठरलेले माप भरायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. साध्या पाण्याला सव्वीस सेकंद लागतात, चांगल्या चिखलाला पस्तीस-चाळीस.

खाडीलगत किंवा भराव टाकलेल्या जमिनीत काम असले, की खालून खारे पाणी मिसळते आणि हाच चिखल कढी फुटावी तसा फुटतो : वर पाणी, खाली गोळे. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मी माल खराब आला म्हणून पुरवठादाराशी भांडलो होतो. दोष मालाचा नव्हता, समुद्राचा होता. नव्वद वर्षांपूर्वी कोणी प्राध्यापकाने हाच प्रश्न डिंकाने सोडवला होता, हे आज इथे वाचले.

शंकासूर

लेख वाचनीय असला तरी मूळ प्रतिपादन मला मान्य नाही, आणि ते का, हे सविस्तर लिहितो.

लाहोरला जे झाले त्याचे सामर्थ्य कशात होते? प्रश्न उद्योगातून आला, पण सुटला विद्यापीठात, जिथे सकाळी तास घेणारा माणूस दुपारी विहिरीतला चिखल ढवळत होता आणि पैसाही विद्यापीठातच राहिला. नंतर दिल्लीत गेल्यावर भटनागरांनी केले ते याच्या नेमके उलट. त्यांनी संशोधन विद्यापीठातून उचलून शिकवण्याशी संबंध नसलेल्या वेगळ्या प्रयोगशाळांत नेले. चांगले संशोधक, चांगली उपकरणे आणि सरकारी पैसा त्या प्रयोगशाळांकडे वळला, आणि विद्यापीठांकडे राहिले ते वर्ग, परीक्षा आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनी ही हरकत त्या काळीच घेतली होती. प्रयोगशाळा ज्या झपाट्याने उगवल्या त्याला सी. व्ही. रामन यांनी 'नेहरू-भटनागर परिणाम' असे खोचक नाव दिल्याचे सांगतात. शास्त्रीय परिणामांना नावे देण्याच्या प्रथेवरचा हा टोमणा ज्याच्या नावाचा परिणाम जगाला ठाऊक आहे त्यानेच मारावा, हे विशेष.

तेव्हा 'आराखडा चिखलात तयार झाला' हे अर्धेच खरे आहे. चिखलातला सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे विद्यार्थी, आराखड्यातून गळाला.

माहुलकर

शंकासूर, तुमचा घाव वर्मी बसला हे मान्य करतो. त्यात भर म्हणून एक गोष्ट सांगतो, जी तुमच्या बाजूची आहे : ज्या साहांचे नाव तुम्ही घेतले, त्यांनीच १९३४ साली भटनागरांना पत्र लिहून स्टील ब्रदर्सच्या पैशाबद्दल अभिनंदन केले होते. म्हणजे साहांना लाहोरचे भटनागर हवे होते, दिल्लीचे नको होते.

तरीही काळाचा संदर्भ सोडून चालणार नाही. १९३९ साली युद्ध सुरू झाले आणि रंग, औषधे, रसायने, काच, वंगणे यांची बाहेरून येणारी वाट आखडली. १ एप्रिल १९४० रोजी सरकारने दोन वर्षांसाठी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन मंडळ नेमले, रामस्वामी मुदलियार त्याचे अध्यक्ष झाले आणि भटनागर संचालक. वर्षाला पाच लाख रुपये आणि कलकत्त्यात अलीपूर येथे प्रयोगशाळा, एवढ्यावर काम सुरू झाले. पहिल्या काही महिन्यांत तिथे काय झाले ते पाहा : विषारी वायूपासून बचाव करणारे कापड, न फुटणारी पात्रे, वनस्पतितेले मिसळून केलेली इंधने आणि वंगणे, एरंडेलापासून रंगाची तेले, टाकाऊ मालापासून प्लास्टिक. यातल्या निम्म्या गोष्टी पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रातल्या आहेत, आणि तो योगायोग नाही.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९४१ मध्ये, मध्यवर्ती विधिमंडळाने पाच वर्षांसाठी दरसाल दहा लाखांचा निधी मान्य केला आणि २६ सप्टेंबर १९४२ रोजी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद (सीएसआयआर) अस्तित्वात आली. परक्या सरकारकडून युद्धाच्या निमित्ताने मिळालेला पैसा निरनिराळ्या विद्यापीठांत वाटून दिला असता, तर युद्ध संपताच तो बंद करणे सरकारला फार सोपे गेले असते. स्वतःची इमारत, स्वतःचे नाव आणि स्वतःचा अर्थसंकल्प असलेली संस्था बंद करणे अवघड असते. भटनागरांनी हे ओळखले होते, असा माझा तर्क आहे. तर्कच आहे, पुरावा म्हणून मांडत नाही.

चुंबक

दोघांच्या वादात भटनागरांचे आवडते काम मागे पडू नये, म्हणून थोडे लिहितो. चिखलाने त्यांना पैसा मिळवून दिला, पण शास्त्रज्ञांत नाव झाले ते चुंबक-रसायनशास्त्राने. पदार्थ चुंबकाकडे किंचित ओढला जातो की किंचित दूर ढकलला जातो, यावरून त्याच्या रेणूत एकटे, जोडी न जमलेले इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत हे कळते, म्हणजे पदार्थ न फोडता त्याच्या रचनेत डोकावता येते. अडचण अशी, की ही ओढ बहुतेक पदार्थांत अतिशय क्षीण असते. भटनागर आणि के. एन. माथुर यांनी १९२८ साली एक तराजू तयार केला, ज्यात नमुन्याची ही बारीकशी हालचाल प्रकाशाच्या लाटा एकमेकींत मिसळून होणाऱ्या व्यतिकरणाच्या पट्ट्या सरकण्यावरून मोजली जाते. प्रकाशाची तरंगलांबी हीच मोजपट्टी झाल्यावर आणखी काय हवे! लंडनच्या अ‍ॅडम हिल्गर कंपनीने हे उपकरण बनवून विकायला काढले आणि १९३१ साली ते रॉयल सोसायटीच्या प्रदर्शनात मांडले गेले. लाहोरच्या प्रयोगशाळेत घडलेले उपकरण लंडनचा कारखाना बनवून विकतो, हा प्रवाह त्या काळी उलटाच होता. १९३५ साली दोघांनी या विषयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तो मॅकमिलनने छापला. १९४३ साली भटनागर रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, ते या सगळ्याच्या जोरावर. 'प्रशासक' म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

पाषाणकर

नोकरीची बरीच वर्षे पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आसपास काढून आता दादरला मुलाकडे राहतो, म्हणून त्या प्रयोगशाळेपुरते लिहितो.

पुण्याच्या त्या इमारतीत मुंबईचा हात पहिल्यापासून आहे. तिच्यासाठी टाटांच्या न्यासाने ८.३ लाख रुपये दिले आणि जमशेदपूरच्या धातुशास्त्र प्रयोगशाळेसाठी टाटांकडून ११.७ लाख आले. पायाचा दगड ६ एप्रिल १९४७ रोजी मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांच्या हस्ते बसला. तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्यांना पंतप्रधान म्हणत. उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी नेहरूंनी केले. भटनागरांची देणगी मागण्याची हातोटी मोठी होती. कराईकुडीचे अळगप्पा चेट्टियार यांनी पंधरा लाख रुपये आणि तीनशे एकर जमीन दिली, म्हणून विद्युत-रसायनाची प्रयोगशाळा त्या आडगावी गेली.

आता चिखलाचा धागा पुढे नेतो. पुण्याच्या प्रयोगशाळेचे पहिले संचालक कोण? जेम्स विल्यम मॅकबेन. साबणाच्या पाण्यात साबणाचे रेणू एकत्र येऊन पुंजके करतात, ही कल्पना ज्यांच्या नावाशी जोडलेली आहे ते हेच. म्हणजे देशाच्या रासायनिक प्रयोगशाळेसाठी भटनागरांनी जगभरातून माणूस निवडला, तोही पृष्ठभागाचा आणि कलिलांचाच. मॅकबेननंतर १९५२ मध्ये जॉर्ज इंगल फिंच आले. तेही भौतिक रसायनशास्त्रज्ञ, आणि शिवाय १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायूच्या नळकांड्या पाठीवर घेऊन २७ हजार फुटांच्या वर चढलेले गिर्यारोहक. सोबतचे गडी नळकांड्यांना हसत असताना त्यांचा आग्रह धरणारा हा माणूस रसायनशास्त्रज्ञ असावा, यात आश्चर्य नाही. मग १९५७ साली पहिले भारतीय संचालक आले ते थेट माटुंग्याहून : मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे, आपल्या यूडीसीटीचे, प्रमुख के. वेंकटरामन.

शंकासूर यांच्यासाठी एवढेच सांगतो, की वेंकटरामन हे विद्यापीठातून घडलेले होते आणि पुण्यात आल्यावर त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्यांची रांग लागलेली असे. भिंत होती, तशी खिडक्याही होत्या.

शंकासूर

पाषाणकर, वेंकटरामन यूडीसीटी सोडून पुण्याला गेले, हे उदाहरण माझ्या बाजूचे आहे की तुमच्या, याचा पुन्हा विचार करावा.

माटुंगेकरीण

हा प्रतिसाद वाचून मोठ्याने हसले.

थोडे वेगळे, पण विषय सोडून नाही : बनारस हिंदू विद्यापीठाचे हिंदी कुलगीत भटनागरांनी लिहिलेले आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? ते उर्दूत कविता करत. १९४६ साली पत्नी लाजवंतीबाई गेल्या, आणि त्यांच्या नावाचा उर्दू काव्यसंग्रह भटनागरांच्या मृत्यूनंतर छापला गेला. लाजवंतीबाई या ज्या हेडमास्तरांनी त्यांना लाहोरला शिकवले त्यांच्याच कन्या. मला या माणसाच्या चरित्रात सर्वांत जास्त भावते ते हे, की तेलाचा पृष्ठताण मोजणाऱ्या हाताला गाणे लिहायचाही संकोच नव्हता.

माहुलकर

आता मूळ माहुलकडे येतो, कारण हा धागा मी त्यासाठीच काढला होता आणि चिखलात रुतून बसलो.

स्वातंत्र्यानंतर भटनागर एकाच वेळी किती खुर्च्यांवर होते हे पाहून दम लागतो. परिषदेचे संचालक ते होतेच. १९४८ साली अणुऊर्जा आयोग नेमला, त्यात होमी भाभा अध्यक्ष, के. एस. कृष्णन सदस्य आणि भटनागर सचिव होते. १९५१ साली नैसर्गिक साधनसंपत्ती आणि वैज्ञानिक संशोधन खाते निघाले, त्याचे सचिवही ते. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे पहिले अध्यक्षही. त्याच १९५१ साली परदेशी तेल कंपन्यांशी बोलणी करण्यासाठी सरकारने एकसदस्य आयोग नेमला, आणि तो एक सदस्य म्हणजे भटनागर. तोपर्यंत आपल्याकडे आसामातले डिगबोई सोडले तर कच्चे तेल शुद्ध करण्याची सोयच नव्हती; पेट्रोल आणि रॉकेल तयार होऊन जहाजाने येत असे. या बोलण्यांतून करार झाले आणि ट्रॉम्बेच्या खाजणालगत दोन कारखाने उभे राहिले : स्टॅनव्हॅकचा १९५४ साली आणि बर्मा-शेलचा १९५५ साली. आज आपण त्यांना हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम म्हणतो.

रावळपिंडीच्या विहिरींत तेल कंपनीचा प्रश्न सोडवताना तेलवाल्यांचे गणित त्यांनी आतून पाहिले होते. बोलण्यांसाठी नेहरूंना त्यांच्यासारखा दुसरा माणूस मिळाला नसता.

भटनागर १ जानेवारी १९५५ रोजी हृदयविकाराने गेले. साठ वर्षांचे होते, एकसष्टी दीड-दोन महिन्यांवर होती. बर्मा-शेलचा कारखाना त्याच वर्षी सुरू झाला. तो चालू झालेला त्यांनी पाहिला नाही. मी कामाला लागलो तेव्हा जुने सहकारी बर्मा-शेलच्या काळातल्या साहेबांच्या गोष्टी सांगत, कॅन्टीनमधल्या पुडिंगच्या सांगत, पण हे कारखाने इथे कोणाच्या बोलण्यामुळे आले ते एकानेही कधी सांगितले नाही.

शंकासूर

त्या करारांचेही कौतुकच करायचे का? पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण करणार नाही, अशी हमी सरकारने त्यांत लिहून दिली होती. कच्चे तेल कंपन्यांनी स्वतःच्याच परदेशी विहिरींतून आणायचे आणि किंमत बाहेरच्या बाजाराप्रमाणे लावायची. पुढे तेलखाते सांभाळणारे मंत्री केशवदेव मालवीय यांना तेलाचे सरकारी क्षेत्र उभे करताना याच कंपन्यांशी झगडावे लागले.

माहुलकर

अटी जड होत्या, यात शंका नाही. पण १९५१ साली आपल्या हातात काय होते? शुद्धीकरणाचे तंत्र नाही, टँकर नाहीत, परकीय चलन नाही, आणि इराणने तेलाचे राष्ट्रीयीकरण केल्यामुळे आबादानचा प्रचंड कारखाना त्याच वर्षी बंद पडलेला. कंपन्या हमी मागणारच होत्या. त्या करारांच्या बदल्यात आपल्या मुलांना ट्रॉम्बेत शुद्धीकरण शिकायला मिळाले. ऊर्ध्वपातनाचा मनोरा, भंजन म्हणजे तेलाचे मोठे रेणू तोडणे, गंधक काढणे हे सगळे माझ्या आधीच्या पिढीने तिथे हाताने शिकून घेतले, आणि सत्तरच्या दशकात कारखाने सरकारकडे आले तेव्हा ते चालवायला माणसे तयार होती. कराराच्या कागदापेक्षा मी या माणसांचा हिशेब अधिक धरतो. आपण दोघे यावर सहमत होणार नाही, असे दिसते.

कलिलप्रेमी

वाद रंगला आहे, परंतु मला चिखलाचे टोक सोडवत नाही. माहुलकर, तुम्ही तीन दशके श्यानता मोजली आहे आणि पायलिंगवाले यांच्याकडे बेंटोनाइट आहे. मग भटनागरांचा प्रयोग घरी करून का पाहू नये? मुलतानी मातीनेही जमतो, पण बेंटोनाइटने अधिक स्वच्छ दिसतो. लिटरभर पाण्यात दोन चमचे बेंटोनाइट रात्रभर भिजवून घुसळा, तीन बरण्यांत सारखे वाटा. पहिलीत काहीच नको. दुसरीत मिठाचे पाणी. तिसरीत आधी डिंकाचे पाणी घालून नीट मिसळा, मग तेवढेच मिठाचे पाणी. डिंक लाडवांचा चालेल, फक्त कतिरा नको, तो विरघळत नाही, नुसता फुगतो. क्रम चुकवू नका : मीठ आधी पडले तर डिंकाला काम उरत नाही.

पायलिंगवाला

पुडी देतो. रविवारी चेंबूर नाक्यावर या.

माहुलकर

पायलिंगवाले यांनी पुडी दिली, त्यांचे आभार. प्रयोग दोनदा केला.

पहिल्या वेळी डिंकाचे चार-पाच खडे विरघळवून घातले आणि फजिती झाली. दुसऱ्या बरणीत मिठाने अर्ध्या तासात गोळे होऊन वर नितळ पाणी आले, ते अपेक्षितच होते. पण तिसरीतही तेच झाले, उलट गोळे जरा मोठेच दिसले. कलिलप्रेमींनी आधीच दिलेली सूचना मी वाचून विसरलो होतो. एकतीस वर्षांचा अनुभव असा पाण्यात गेला.

दुसऱ्या वेळी मूठभर डिंक कोमट पाण्यात सकाळपासून भिजवला, फडक्याने गाळला आणि तिसऱ्या बरणीत चांगला वाटीभर घातला. पहिल्या दोन बरण्यांत तेवढेच साधे पाणी घालून पातळी सारखी केली. मग मीठ. संध्याकाळी सात वाजता दुसऱ्या बरणीच्या तळाशी तीन बोटे गाळ आणि वर आरपार दिसणारे पाणी होते. पहिली आणि तिसरी बरणी ट्यूबलाइटसमोर धरली तर दोन्हींतून नुसता मातकट उजेड दिसत होता, कोणती कोणती ते चिठ्ठी वाचल्याशिवाय कळेना. रात्री अकराला तिसऱ्या बरणीच्या वरच्या कडेला नखाएवढी पातळ रेघ नितळ झाली होती, बाकी सारे तसेच. बरण्या तशाच खिडकीत ठेवल्या आहेत. सौ.नी डिंकाचा डबा उघडून पाहिला आहे आणि लाडवांचे काय, असे विचारले आहे.